पाचशे वर्षांपूर्वीची जर्मन तलवारबाजी पुस्तकातून पुन्हा उभी करता येते का?

एल्बकाठ

नमस्कार मंडळी. ड्रेस्डेनला आल्यापासून एका छंदात पुरता बुडालो आहे. त्यावर मराठीत फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

छंद म्हणजे युरोपातल्या जुन्या तलवारबाजीचा अभ्यास. इकडे त्याला 'हेमा' म्हणतात, 'हिस्टॉरिकल युरोपियन मार्शल आर्ट्स'ची आद्याक्षरं. ऑलिंपिकमधलं फेन्सिंग वेगळं, आणि जत्रेत चिलखत घालून होणाऱ्या लुटुपुटूच्या लढायाही वेगळ्या. आम्ही चौदाव्या ते सतराव्या शतकातल्या उस्तादांचे ग्रंथ वाचतो, त्यातला एकेक डाव हातात तलवार घेऊन करून बघतो आणि लिहिणाऱ्याला नेमकं काय सांगायचं होतं ते शोधतो.

शोधावं लागतं, कारण परंपरा तुटली आहे. बंदुका आल्या तशी दोन हातांची लांब तलवार रणांगणावरून गेली. शहरांतल्या तलवारबाजांच्या संघांनी ती आणखी काही पिढ्या जपली. त्यांपैकी मार्क्सब्रूडर संघाला तर सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकनं १४८७ मध्ये सनद दिली होती. पुढे तेही थांबलं. या तलवारीचा गुरूकडून शिष्याकडे अखंड आलेला वारसा आज कुणाकडेच नाही. उरली ती हस्तलिखितं आणि छापील पुस्तकं.

त्यातलं सर्वांत जुनं लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. 'आय.३३' या क्रमांकानं ओळखतात, काळ साधारण १३०० ते १३३०. लॅटिन मजकूर आणि रंगीत चित्रं. एक पाद्री शिकवतो आहे, विद्यार्थी शिकतो आहे, दोघांच्या हातांत एकहाती तलवार आणि ताटलीएवढी ढाल. शेवटच्या पानांवर विद्यार्थ्याच्या जागी एक बाई येते. नाव वाल्पुर्गिस. ती कोण, तिथे कशी आली, याबद्दल अक्षरही नाही. पण तिचा पवित्रा काळजीपूर्वक काढला आहे आणि ती पाद्र्याशी बरोबरीनं लढते. ती पानं मी पुन्हा पुन्हा उघडून बघतो.

माझा मुख्य अभ्यास मात्र योहानेस लीश्टेनआउअर या चौदाव्या शतकातल्या उस्तादाच्या परंपरेचा. त्याची विद्या यमक जुळवलेल्या ओळींत बांधलेली आहे, आणि मुद्दाम अशी की बाहेरच्याला कळू नये. पुढच्या पिढ्यांनी त्या ओळींवर टीका, म्हणजे अर्थ उलगडणारी स्पष्टीकरणं, लिहिली. त्यांतली सिग्मुंड रिंगेकची टीका ज्या हस्तलिखितात आहे, ते इथे ड्रेस्डेनच्या राज्य ग्रंथालयात आहे आणि पानं घरबसल्या बघता येतात. चित्रांचा आधार नाही, सगळं शब्दांत.

एक डाव सांगतो म्हणजे कामाची कल्पना येईल. मूळ ओळीचा आशय असा : जो तुझ्यावर वरून वार करील, त्याला त्सोर्नहाउचं टोक धाक घालील. त्सोर्नहाउ म्हणजे उजव्या खांद्यावरून तिरका उतरणारा वार. चिडलेला माणूस कुणी न शिकवताही मारतो तो. रिंगेक उलगडून सांगतो : त्यानं त्याच्या उजवीकडून वरून वार केला, तर तूही तुझ्या उजव्या खांद्यावरून जोरात वार कर. पाती भिडल्यावर तो मऊ लागला, म्हणजे त्याच्या पात्याचा जोर कमी जाणवला, तर टोक सरळ त्याच्या तोंडावर किंवा छातीवर घाल. त्याला ते कळलं आणि त्यानं तुझं पातं जोरानं बाजूला सारलं, तर तलवार वरून काढून घे आणि दुसऱ्या बाजूनं डोक्यावर हाण.

वाचायला सरळ आहे. आता दोघंजण समोरासमोर उभे राहा. माझा वार त्याच्या तलवारीवर जायला हवा की त्याच्या डोक्याच्या रोखानं? मी त्याच्या पात्यावरच मारलं, की माझं टोक भलतीकडे जातं आणि 'टोक सरळ घाल' हे पुढचं वाक्य अशक्य होऊन बसतं. डोक्याच्या रोखानं मारलं, की पाती वाटेत भिडतात आणि त्या क्षणी माझं टोक त्याच्या तोंडासमोर असतं. पुढचं वाक्य आपोआप जागेवर बसतं. आधीच्या वाक्याचा अर्थ पुढच्या वाक्यानं ठरवला, आणि तो ठरला हातात तलवार असताना. टेबलाशी बसून मला तो लागला नसता.

वहीत मी तीन रंग वापरतो. ग्रंथात स्पष्ट लिहिलेलं निळ्यानं, त्याच परंपरेच्या दुसऱ्या हस्तलिखितावरून घेतलेलं हिरव्यानं, आणि आम्ही तालमीत बसवलेलं लाल. पावलं कुठे पडतात, श्वास कधी, वेग किती, हे बहुतेक लाल. एवढी शिस्त पाळली तर ही विद्या बऱ्याच अंशी परत उभी करता येते असं माझं ठाम मत आहे. विरोधी मतं जरूर मांडा.

सांजवेळ

सुंदर विषय, वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. या तलवारी किती जड असायच्या? सिनेमात दोन्ही हातांनी कशीबशी उचलताना दाखवतात.

एल्बकाठ

@सांजवेळ, बाळबोध अजिबात नाही, हा गैरसमज सगळीकडे आहे. लांब तलवार साधारण सव्वा ते दीड किलोची, क्वचित थोडी जास्त. एकहाती तलवार किलोच्या आसपास. वजनापेक्षा ते कुठे वाटलं आहे हे महत्त्वाचं. मुठीच्या टोकाला लोखंडी गोळा असतो, पातं टोकाकडे पातळ होत जातं, त्यामुळे तोल मुठीच्या पुढे चार बोटं ते वीतभर अंतरावर येतो आणि तलवार हातात हलकी वाटते. मिरवणुकीसाठी केलेल्या मोठ्या तलवारी खरोखर जड असत. संग्रहालयात लोक त्या बघतात आणि सगळ्या तशाच होत्या असं धरून चालतात.

मोडीवाचक

धागा आवडला. मूळ ओळी त्रोटक आणि गूढ, टीका नंतरच्यांच्या, हे वाचून सूत्र आणि भाष्य आठवलं. मग तिथलेच प्रश्न इथेही येणार. टीकाकार मूळ उस्तादाच्या किती नंतरचे? त्यांच्यात मतभेद आहेत का? आणि हातात असलेली प्रत टीकाकाराच्या हातची की नकलेची नक्कल? मोडी कागदात नकलनवीस एखादी ओळ गाळतो आणि सगळा व्यवहार उलटा वाचला जातो. इथे तर पाऊल उलटं पडेल.

एल्बकाठ

@मोडीवाचक, दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. लीश्टेनआउअरच्या स्वतःच्या हातचं काहीच नाही. तो आपल्याला फक्त या तलवारबाजीच्या ग्रंथांतून माहीत आहे. ड्रेस्डेनची प्रत साधारण १५०० नंतरची, म्हणजे नक्कलच. तशीच टीका रोममधल्या १४५२ च्या हस्तलिखितातही आहे, ते पीटर फॉन डान्झिगच्या नावानं ओळखतात. न्युरेंबर्गच्या संग्रहालयातलं एक त्याहून जुनं मानतात, पण त्याच्या वर्षावरून वाद आहे.

आम्ही या प्रती शेजारी शेजारी लावून वाचतो. बऱ्याच ठिकाणी वाक्यंच्या वाक्यं जुळतात, तिथे सगळ्यांमागे एक समान मूळ असणार. जिथे एक प्रत 'उजवा' म्हणते आणि दुसरी 'डावा', तिथे दोन्ही करून बघतो. अनेकदा एक पर्याय शरीराला शक्यच नसतो आणि नकलनवीस सापडतो. दोन्ही शक्य असले तर दोन्ही वहीत राहतात. क्रुम्पहाउ म्हणून एक वार आहे, हात एकमेकांवरून ओलांडून समोरच्याच्या हातांवर मारायचा. त्याचे आमच्या गटात अजून दोन अर्थ चालतात आणि दोन्ही बाजूंना चांगले वाचक आहेत.

अश्विनी_नक्षत्र

मी शाळेपासून फेन्सिंग केलं आहे, त्यातल्या सेबर या तलवारीचं. आपली भवानीदेवी टोकियो ऑलिंपिकमध्ये सेबर खेळली तेव्हा आम्ही सगळ्या पहाटेपासून टीव्हीसमोर होतो. म्हणून जरा परखड विचारते. मास्क लावून दोघं खरोखर लढले की काय चालतं ते दहा मिनिटांत कळतं. मग जुन्या पानांत कशाला शोधायचं? लढा आणि जे चालेल ते ठेवा.

एल्बकाठ

@अश्विनी_नक्षत्र, तुमच्याकडून हाच प्रश्न यायला हवा होता. लढत आम्हीही घेतो, मास्क, गळपट्टा, जाड कोट आणि भक्कम हातमोजे घालून. डाव लढतीत कधीच लागत नसेल तर आमचा अर्थ पुन्हा तपासायला हवा, हे मान्य.

पण लढत एका जागी फसवते. तिथे मरायची भीती नसते. माझा वार गुणासाठी आधी लागला आणि लगेच तुमचा माझ्या डोक्यावर बसला, तर खेळात मी जिंकलो. धारदार तलवारीत दोघंही गेलो. यासाठी काही स्पर्धांत मार खाल्ल्यावर लगेच केलेला उलटा वारही मोजतात, तरीही एकमेकांना एकाच वेळी मारणं थांबत नाही. ग्रंथ मात्र सतत सांगतात : आधी त्याचं पातं तुझ्यापासून दूर असल्याची खात्री कर. ही सावधगिरी आमच्या लढतीत आपणहून उगवत नाही, ती वाचूनच शिकावी लागते.

आणखी एक. खेळ विरुद्ध लढाई हा वाद आजचा नाही. स्ट्रासबुर्गच्या योआखिम मायरचा मोठा ग्रंथ १५७० चा. त्याच्या काळात जर्मन लोक तालमीत लांब तलवारीनं एकमेकांना भोसकत नसत, तसा रिवाजच होता, आणि त्याच्या लांब तलवारीच्या शिकवणीत वारच मुख्य आहेत. रिंगेकमध्ये टोक पदोपदी येतं. तीच तलवार, तीच परंपरा, पण नियम बदलले तसे डाव बदलले.

अश्विनी_नक्षत्र

मायरचं माहीत नव्हतं. सेबरमध्येही कमरेखाली मारत नाही म्हणून आमचे पाय कसे बिनधास्त पुढे जातात, ते आठवलं. मुद्दा पटला. तरी लढतीचं पारडं मी जडच धरणार.

पंचगंगा

आमच्या घरात चार पिढ्या मर्दानी खेळ आहे. मी स्वतः पट्टा आणि लाठी शिकवतो. धागा मनापासून वाचला, पण एल्बकाठ यांच्या मूळ म्हणण्याशी सहमत नाही.

पुस्तकातून हात तयार होत नाही. वस्ताद पोराच्या मनगटाला धरून फिरवतो, खांदा दाबून खाली बसवतो, 'अजून ढिला सोड' म्हणून दिवसभर ओरडतो. पट्ट्यात मूठ हाताच्या पुढच्या भागाला जखडलेली, मनगट मोकळं वळत नाही, सगळी फिरत खांद्यातून आणि कमरेतून येते. हे कुणी कितीही लिहून ठेवलं तरी वाचून जमणार नाही. आमच्यात लिहून ठेवण्याची रीत नव्हती त्याचं कारण हेच. दांडपट्टा २०२४ मध्ये राज्यशस्त्र झाला याचा आनंद आहेच, पण तो जिवंत राहिला तालमीमुळे. तुमच्याकडे वस्तादच राहिला नाही, तर जे उभं कराल ते तुमचं असेल, त्या जुन्या माणसांचं कसं म्हणता येईल?

एल्बकाठ

@पंचगंगा, या प्रतिसादासाठी मनापासून आभार. वस्तादाच्या हाताला पर्याय नाही हे शंभर टक्के मान्य. आमच्या वहीत लाल रंग इतका आहे तो त्यामुळेच. तुमच्या पोराला जे एका संध्याकाळी कळतं त्यासाठी आमचा अख्खा गट महिनोन् महिने घालवतो.

पण त्या जुन्या उस्तादांना स्वतःला पुस्तकाची गरज वाटत होती. इटलीतला फियोरे देई लिबेरी, त्याचा ग्रंथ १४१० च्या आगेमागेचा. तो सांगतो की ही विद्या इतकी अफाट आहे की ग्रंथांशिवाय ती ध्यानात ठेवणं कठीण. आणि हा निव्वळ लेखणीचा माणूस नव्हता. ज्यांना विद्या द्यायला त्यानं नकार दिला अशा उस्तादांशी आपण पाच वेळा धारदार तलवारीनं लढलो, अंगात फक्त जाड कापडी अंगरखा आणि हातात चामड्याचे हातमोजे, असं तो प्रस्तावनेत नोंदवतो. त्याच्या ग्रंथात एका माणसाच्या चार बाजूंना चार प्राणी काढले आहेत : डोक्यावर लिंक्स हे रानमांजर डोळसपणाचं प्रतीक, वाघ चपळाईचा, सिंह धाडसाचा आणि पायाशी पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती भक्कम उभं राहण्याचा. तुमचे वस्ताद खांदा दाबून खाली बसवतात, तोच हा हत्ती असं मी मानतो.

हे त्या जुन्या माणसांचं आहे का, यावर माझं उत्तर प्रत्येक डावाला वेगळं आहे. त्सोर्नहाउबद्दल छातीवर हात ठेवून 'हो' म्हणेन. पावलांबद्दल म्हणणार नाही.

माणदेशी

धागा तलवारीचा आहे, पण विचारतो. तिकडे शेतकरी काय वापरत? त्यांचं कुणी लिहिलं का?

एल्बकाठ

@माणदेशी, लिहिलं आहे, आणि लिहिणाऱ्याची गोष्ट मोठी चटका लावणारी आहे. पाउलुस हेक्टर मायर हा आउग्सबुर्ग शहराचा खजिनदार. वर स्ट्रासबुर्गचा म्हणालो तो मायर वेगळा. यानं १५४० च्या दशकात जुने ग्रंथ जमवले, चित्रकार आणि तलवारबाज कामाला लावून सगळ्या शस्त्रांचे प्रचंड सचित्र खंड करवून घेतले. त्यात विळा आहे, गवत कापायचं लांब दांड्याचं कोयत्यासारखं हत्यार आहे, मळणीत धान्य झोडपायचं दांडकं आहे. विळ्यानं समोरच्याचं मनगट अडकवून ओढायचं कसं, ते चित्रासह. हा छंद त्यानं शहराच्या पैशावर चालवला, अफरातफर उघडकीला आली आणि १५७९ मध्ये त्याला फाशी झाली. एक संच ड्रेस्डेनमध्ये, आणखी म्युनिक आणि व्हिएन्नामध्ये. तो नसता तर शेतकऱ्याच्या हत्यारांबद्दल आपल्याकडे आज एवढं काही नसतं.

माणदेशी

विळ्याची ती पानं बघायलाच हवीत. धन्यवाद.

दूरदेशी

टोरांटोहून. मी आणि नवरा दोघंही इथल्या एका गटात लांब तलवार शिकतो. गटात बायका बऱ्याच आहेत आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही, हे मला फार आवडतं.

नव्यांसाठी अनुभवाचे बोल. सर्वांत जास्त इजा बोटांना होते. बाकी सामान उसनं चालेल, हातमोजे स्वतःचे आणि चांगले घ्या. मास्क तलवारबाजीचाच हवा, वरून डोक्याच्या मागच्या बाजूला संरक्षण हवं. कोटावर ३५० किंवा ८०० न्यूटन असा आकडा लिहिलेला असतो, तो कापड भोसकलं जाण्याला किती दाद देत नाही त्याचा. फटक्याच्या माराशी त्याचा संबंध नाही. मार शोषायला जाडी लागते.

आणि नायलॉनच्या तलवारींवर फार काळ राहू नका. त्यांची पाती एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे वर म्हटलेलं 'मऊ लागला की कडक' हे हाताला कळतच नाही. बोथट पोलादी पात्यानं ते कळायला लागतं. आमचे शिक्षक कधीतरी अगदी सावकाश धारदार पाती एकमेकांना लावून दाखवतात, तेव्हा धार धारेत रुतते. तो अनुभव घेतल्यावर ग्रंथांतला निम्मा भाग नव्यानं वाचला.

कुतूहल

पुण्यात आहे, जवळपास असा गट माहीत नाही. सुरुवात कशी करू?

एल्बकाठ

@कुतूहल, एक जोडीदार शोधा. एकट्यानं पवित्रे होतील, पण पातं भिडल्यावरचं काही शिकता येणार नाही. आधी काठ्या, मग नायलॉन. भारतात शस्त्र कायदा आहे, धारदार तलवारीच्या वाटेला जाऊ नका. मास्क आल्याशिवाय वेगानं काही करायचं नाही, यावर तडजोड नको.

ग्रंथ एकच धरा. रिंगेकचे इंग्रजी अनुवाद विक्टेनाउअर या संकेतस्थळावर मूळ मजकुराशेजारी मोफत आहेत. पाच मुख्य वारांपैकी फक्त त्सोर्नहाउ घ्या आणि त्यातली शक्य तितकी वाक्यं करून बघा. व्हिडिओ नंतर बघा, आधी बघितले की दुसऱ्याचा अर्थ डोक्यात बसतो आणि मूळ मजकूर दिसेनासा होतो. इंग्रज जॉर्ज सिल्व्हरचा १५९९ चा ग्रंथही जवळ ठेवा. हात सर्वांत चपळ, पाय सर्वांत सुस्त, म्हणून वार करताना हात आधी निघाला पाहिजे, हे त्यानं फार नीट मांडलं आहे.

अश्विनी_नक्षत्र

@कुतूहल, जवळ फेन्सिंगचा वर्ग असेल तर तिथे सहा महिने जा. अंतर आणि पाय तयार होतील, ते कुठेही उपयोगी पडतात.

पंचगंगा

फियोरेचा हत्ती पोरांना दाखवला, आवडला. माझं मत बदललं नाही, पण तुमची तीन रंगांची वही मला पट्टा शिकवताना वापरून बघायची आहे. कुठला हात माझ्या आज्याचा आणि कुठला मी घुसवलेला, हे मलाही नेहमी सांगता येत नाही.

आता तुमच्या उपयोगाचं. आमच्याकडच्या कित्येक जुन्या तलवारींची आणि पट्ट्यांची पाती युरोपातून आलेली, मूठ इथली. फिरंग म्हणतात ती हीच. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात विकत घेतली आणि नंतर परत आणली, तिचंही पातं युरोपियन बनावटीचं आहे आणि त्यावर देवनागरीत सोन्याची अक्षरं आहेत. आमच्या ओळखीच्या एका घरात दसऱ्याला पुजतात ती सरळ पात्याची तलवार तशीच वाटते. काय बघू?

एल्बकाठ

@पंचगंगा, आता मला झोप लागणार नाही! घरच्यांची परवानगी घेऊन, आणि काहीही न घासता न पुसता, एवढं नोंदवा : एकूण वजन, पात्याची लांबी, मुठीपासून तोल कुठे येतो ते अंतर, आणि पात्याची जाडी मुठीजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ. जाडी कुणी मोजत नाही, आणि पातं वारासाठी की भोसकण्यासाठी हे तिथेच कळतं. पात्यावरच्या पन्हळी, म्हणजे लांब खोलगट चऱ्या, किती आणि कुठे संपतात. पात्यावर लांडगा, चंद्रकोर, फुली किंवा रोमन अक्षरं दिसली तर तिरप्या उजेडात फोटो. जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या कारागिरांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण सापडते. मात्र ती खूण इतरांनीही उचलली होती, त्यामुळे एकट्या लांडग्यावरून निकाल देऊ नका.

एक इशारा. पातं जर्मन निघालं तरी ती तलवार रिंगेकच्या पद्धतीनं चालवत होते असं म्हणता येत नाही. इथली मूठ बसली की पकड बदलते, पकड बदलली की वार बदलतो. ती कशी चालायची हे तुमच्या तालमीतच शोधायला हवं.

मोडीवाचक

@पंचगंगा, पात्यावर किंवा मुठीवर काही अक्षरं असतील, मोडी किंवा देवनागरी, तर त्यांचे फोटोही इथेच टाका. बहुधा मालकाचं नाव किंवा शिलेखान्याचा (शस्त्रागाराचा) क्रमांक असतो. वाचून सांगतो.